सारंगाच्या नातवाने मालीम व्हावे

गेल्या महिन्यात मगरिबच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर चपला शोधत होतो, तेव्हा खालच्या मोहल्ल्यातले एक गृहस्थ जवळ आले. सलाम झाला, तब्येतीची चौकशी झाली, आणि मग त्यांनी हळूच विषय काढला. मुलगा दहावी पास झाला आहे. बेलापूरला ऑफिस असलेला एक एजंट साडेचार लाख रुपये मागतो आहे. सीडीसी काढून देतो, कोर्स करून देतो, तीन महिन्यांत पोराला जहाजावर चढवतो, असा त्याचा शब्द आहे. पन्नास हजार दिलेले आहेत. बाकीच्या पैशांसाठी हापूसची कलमं गहाण टाकायची आणि थोडं सोनं मोडायचं, असा विचार चालला आहे.

"सर, तुम्ही त्याला गणित शिकवलंत. पोराचं भलं होईल ना?"

मी तीन गोष्टी विचारल्या. एजंटचा परवाना क्रमांक काय? सीडीसी भारत सरकारची की कुठल्या परदेशाची? दिलेल्या पन्नास हजारांची पावती आहे का? तिन्हींचं उत्तर एकच होतं. "माणूस ओळखीतला आहे."

त्या रात्री झोप नीट लागली नाही. हा प्रश्न त्या एका घराचा नाही. आमच्या किनाऱ्यावर दर उन्हाळ्यात निकाल लागले की असे पाच-दहा बाप असेच कुणाला तरी पायरीवर गाठतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आपल्याला समुद्र नवा नाही. बाणकोट, दाभोळ, जयगड, राजीवडा, श्रीवर्धन, मुरुड इथल्या मुस्लिम घरांत जुनी ट्रंक उघडली तर जहाजाचा एखादा कागद निघतोच. आपली आडनावं पाहा: सारंग, तांडेल, नाखवा. ही आडनावं म्हणजे जहाजावरचे हुद्दे आहेत. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर डेकवरचं काम रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानांचं, प्रवाशांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांची, अशी वाटणीच ठरून गेली होती. या हिंदी खलाशांना 'लस्कर' म्हणत आणि त्याच बोटीवरच्या गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर राबवून घेत.

माझे आजोबा तांडेल होते. सारंगाच्या हाताखाली डेकवरच्या टोळीचा मुकादम म्हणजे तांडेल. त्यांचे कागद एका पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवलेले असत, पाणी लागू नये म्हणून. प्रत्येक सफरीनंतर साहेबाने त्यावर 'व्हेरी गुड' असा शिक्का मारलेला. आजोबांना तो वाचता येत नव्हता. त्यांनी जगातली निम्मी बंदरं पाहिली, पण नकाशावर त्यांतलं एकही दाखवता येत नव्हतं.

आता त्या काळच्या जहाजी बोलीतला एक शब्द सांगतो. नकाशा वाचणारा, ताऱ्यांवरून जागा काढणारा, जहाजाला दिशा देणारा जो अधिकारी, त्याला खलाशी 'मालीम साहेब' म्हणत. मालीम म्हणजे अरबीतला मुअल्लिम. मुअल्लिम म्हणजे शिकवणारा, जाणणारा, शिक्षक. पंधराव्या शतकातला इब्न माजिद हा असाच मुअल्लिम. त्याने हिंदी महासागरातल्या नौकानयनावर ग्रंथ लिहिले. म्हणजे शब्द आपला, विद्या एके काळी आपली, आणि माझ्या आजोबांच्या काळात त्या शब्दाचा मानकरी मात्र गोरा साहेब. आपण त्याला आपल्याच भाषेत सलाम करत राहिलो.

तेव्हा इलाज नव्हता. हिंदी मुलांना अधिकारी होण्याचं शिक्षण देणारं 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज मुंबईत १९२७ साली सुरू झालं. त्याआधी आपल्याला तो दरवाजा बंदच होता. डफरिननंतर १९७२ मध्ये 'राजेंद्र' आलं आणि १९९३ मध्ये नवी मुंबईच्या किनाऱ्यावर 'चाणक्य'. दरवाजा उघडून शंभर वर्षं होत आली. तरी आपल्या मोहल्ल्यातला बाप अजून विचारतो तो प्रश्न एवढाच असतो की पोराला जहाजावर चढवायला किती लागतील. पोरगा जहाजावर काय म्हणून चढेल, हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. दहावीनंतरची घाई सोडा. मुलात कुवत असेल तर त्याला बारावी विज्ञान करू द्या आणि अधिकारी होण्याच्या वाटेला लावा.

ही वाट कशी आहे ते सांगतो, कारण बहुतेक घरांत ती नीट माहीतच नसते. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित, तिन्ही मिळून साठ टक्के. दहावी किंवा बारावीला इंग्रजीत पन्नास टक्के. त्यानंतर इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा, आयएमयू सीईटी. हे विद्यापीठ केंद्र सरकारचं आहे, २००८ साली स्थापन झालेलं. डेकवर जायचं तर एक वर्षाचा डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स किंवा तीन वर्षांची बीएस्सी. इंजिनात जायचं तर चार वर्षांचं मरीन इंजिनिअरिंग. मेकॅनिकल इंजिनिअर झालेल्या मुलालाही एक वर्षाचा कोर्स करून इंजिनरूममध्ये जाता येतं. डिप्लोमावाला मुलगा मग डेक कॅडेट म्हणून दीड वर्ष समुद्रावर काढतो, परत येऊन सेकंड मेटची परीक्षा देतो आणि थर्ड ऑफिसर होतो. तिथून सेकंड ऑफिसर, चीफ ऑफिसर आणि शेवटी कॅप्टन. वरच्या हुद्द्यांसाठी पुन्हा परीक्षा आणि प्रत्येक परीक्षेआधी समुद्रावरचे ठरावीक महिने. दहा-बारा वर्षांचा हा रस्ता आहे. त्यात वशिला चालत नाही.

डोळे आधी तपासून घ्या. डेकसाठी चष्म्याशिवाय स्वच्छ नजर लागते. इंजिनसाठी चष्म्याला काही प्रमाणात सूट आहे. रंगांधळेपणा मात्र दोन्हीकडे चालत नाही. एका मुलाने दोन वर्षं क्लास लावला आणि शेवटी वैद्यकीय तपासणीत लाल-हिरव्यातला फरक ओळखू न आल्यामुळे घरी आला. पहिल्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं असतं तर दोन वर्षं वाचली असती.

आता कुणी म्हणेल, "सर, सगळ्यांना साठ टक्के कुठून पडणार? खलाशी होणं म्हणजे काय कमीपणा?" अजिबात नाही. माझं घर त्याच मिठावर उभं राहिलं. आजही जीपी रेटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स करून दहावी झालेला मुलगा इज्जतीने जहाजावर जातो, ऑर्डिनरी सीमन, एबल सीमन, बोसन असा वर चढतो. आजचा बोसन म्हणजे कालचा सारंगच. पुढे परीक्षा देऊन अधिकारी होण्याची सोयही त्याला आहे, फक्त तो रस्ता लांबचा आहे. माझा आक्षेप खलाशी होण्याला नाही. चांगलं गणित येणाऱ्या मुलालाही आपण विचार न करता त्याच रांगेत उभं करतो, याला आहे. आणि त्या रांगेत आज गर्दी फार आहे. कोर्स करून, प्रमाणपत्रं घेऊन, वर्षानुवर्षं जहाजाची वाट पाहत घरी बसलेली पोरं प्रत्येक गावात आहेत. अधिकाऱ्याच्या वाटेवरही ही अडचण आहेच. म्हणून कॉलेज निवडताना कंपनीची स्पॉन्सरशिप मिळते का, हे आधी बघावं. कोर्स झाला आणि जहाज मिळालं नाही, तर कॅडेटचे समुद्रावरचे महिने भरत नाहीत आणि परीक्षेला बसता येत नाही.

या वाट पाहणाऱ्या पोरांवरच एजंट जगतो.

तेव्हा हे नीट लक्षात ठेवा. खलाशी भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याला आरपीएसएल म्हणतात. त्याचा क्रमांक असतो आणि तो महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर मोबाइलवरून पाच मिनिटांत तपासता येतो. परवाना आहे की नाही, मुदत संपली की काय, सगळं दिसतं. दुसरं, नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणं हा गुन्हा आहे. समुद्री कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार, एमएलसी २००६, भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्याप्रमाणे पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय दाखला यांचा खर्च तेवढा खलाशाचा. नोकरीची दलाली एक रुपयाही नाही. म्हणजे जो साडेचार लाख मागतो, त्याने तोंड उघडलं तिथेच तो खोटा ठरला. तिसरं, सीडीसी म्हणजे खलाशाची नोंदवही. ती अर्ज करून सरकारकडून मिळते आणि तिची फी लाखांत नसते. एजंट जर पनामाची किंवा आणखी कुठली सीडीसी 'बसल्या जागी' आणून देतो म्हणाला, तर समजून जा की भारतात ती करता येत नाही म्हणूनच तो बाहेर पळतो आहे.

आणि पुढे काय होतं? पोराला टुरिस्ट व्हिसावर आखातात किंवा इराणला पाठवतात. जहाज म्हणून जे मिळतं ती एखादी गंजलेली टग असते नाहीतर जुनी लहान मालबोट. कबूल केलेला पगार पहिले दोन महिने येतो, मग थांबतो. मालक फोन उचलत नाही. पाणी संपतं, डिझेल संपतं. पासपोर्ट कॅप्टनकडे, उतरायची परवानगी नाही. याला इंग्रजीत ॲबँडनमेंट म्हणतात, म्हणजे जहाज आणि माणसं वाऱ्यावर सोडून देणं. दोन महिने पगार थकला की करारानुसार खलाशाला सोडून दिलं असं मानतात. २०१७ पासून जहाजमालकाला अशा प्रसंगासाठी विमा ठेवावा लागतो. त्यातून चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी परतीचा खर्च मिळू शकतो. पण ज्या बोटीवर आपला पोरगा परवाना नसलेल्या दलालाने चढवलेला आहे, तिचा विमा कोण तपासणार? आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या २०२४ च्या आकडेवारीत असे सोडून दिलेले खलाशी सर्वांत जास्त भारतीय होते. त्यांतल्या किती घरांनी आधी कलमं गहाण टाकली असतील?

चांगल्या कंपनीतही समुद्र हा समुद्रच असतो, हेही लपवू नये. २०२२ मध्ये 'हीरोइक इडन' या तेलवाहू जहाजावरचे सोळा भारतीय पश्चिम आफ्रिकेत अडकले. आधी इक्वेटोरियल गिनीत, मग नायजेरियात. घरी यायला त्यांना २०२३ उजाडलं. तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर क्षेपणास्त्रं पडली. आपल्या पूर्वजांनीही हे भोगलं आहे. नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबईहून आफ्रिकेला निघालेली 'तिलावा' जपानी पाणबुडीने बुडवली, २८० माणसं गेली. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक आहे. ज्यांना कबर मिळाली नाही त्यांची नावं तिथे आहेत. मुंबईला गेलात तर मुलाला एकदा तिथे घेऊन जा. नंतर त्याला विचारा, जायचं का? हो म्हणाला तर समजून-उमजून म्हणाला असेल.

घरच्यांनीही समजून घ्यावं. सहा-सहा, आठ-आठ महिने मुलगा दिसणार नाही. ईद समुद्रावर जाईल. बहिणीच्या निकाहाला तो व्हिडिओ कॉलवर असेल, तेही नेट मिळालं तर. आजोबांच्या आईचं दफन झालं तेव्हा ते लिव्हरपूलला होते. खबर पोहोचली तेव्हा चाळिसावाही होऊन गेला होता. आज खबर त्याच मिनिटाला पोहोचते, पण जनाज्याला खांदा द्यायला मधल्या समुद्रातून आजही येता येत नाही.

बुजुर्गांची एक शंका मी नेहमी ऐकतो. "तिथे दीन सांभाळता येतो का? दारू, डुक्कर, नमाज नाही, रोजा नाही." माझा एक जुना विद्यार्थी आज सेकंड ऑफिसर आहे. त्याला मी हेच विचारलं. तो हसला. म्हणाला, "सर, आता जहाजावर दारू चढतच नाही. बहुतेक कंपन्यांत पूर्ण बंदी आहे, कधीही फुंकायला लावतात. सापडलो तर नोकरी गेली." जेवणाचं तो कुकला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो, आणि मासे-भाजी तर असतेच. त्याची ड्युटी बारा ते चार. म्हणजे जुहर नेमकी ड्युटीत येते. आपण कोकणी बहुतेक शाफई. प्रवाशाला कसर आणि जमा, दोन्हींची मुभा आहे. तो चारला खाली उतरून जुहर आणि असर एकत्र पढतो. किब्ला त्याला कुणाला विचारावा लागत नाही. जहाजाची जागा त्यानेच नकाशावर मांडलेली असते, तो हिशोब करून दिशा काढतो आणि जायरो कंपासवर बघतो. एक गोष्ट त्याने सांगितली ती मला फार आवडली. नांगरावर उभं असलेलं जहाज भरती-ओहोटीबरोबर फिरतं. कालच्या खुणेवर मुसल्ला टाकून चालत नाही, दर नमाजला पुन्हा बघावं लागतं. मी मनात म्हटलं, हा खरा मालीम.

आता मुलींचं. हे वाचून काही जण नाराज होतील, तरी लिहितो. माझ्या वर्गात गणितात पहिल्या येतात त्या गेली कित्येक वर्षं मुलीच. जगातल्या खलाशांमध्ये बायकांचं प्रमाण २०२१ च्या एका जागतिक अहवालानुसार दीड टक्क्याच्याही आत होतं. पण ज्या गेल्या त्यांनी करून दाखवलं. राधिका मेनन भारतीय व्यापारी नौदलातल्या पहिल्या महिला कॅप्टन. जून २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात खवळलेल्या समुद्रात बुडत्या बोटीवरच्या सात मच्छीमारांना त्यांनी वाचवलं, आणि पुढच्या वर्षी त्यांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं शौर्य पदक मिळालं. प्रत्येक मुलीने जहाजावर जावं असं मी म्हणत नाही. जिला जायचं आहे तिला निदान परीक्षेचा फॉर्म भरू द्या, एवढंच. मेरीटाइम कायदा, बंदर व्यवस्थापन, जहाजबांधणी ही किनाऱ्यावरची कामंही आहेतच.

शेवटी पैशांचा प्रश्न. अधिकाऱ्याचं शिक्षण काही लाखांच्या घरात जातं. ज्या बापाला व्याजी कर्ज घ्यायचं नाही, त्याच्यासाठी हा डोंगर आहे. मौलाना आझाद महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी जरूर करावी. पण माझा खरा सवाल आपल्या जमातींना आहे. आपल्या गावांच्या जमाती मुंबईत आहेत, कुवेतला आहेत, दुबईला आहेत, लंडनला आहेत. मशिदीच्या संगमरवरासाठी एका रात्रीत वर्गणी जमते. मी मशिदीच्या विरोधात नाही, त्याच मशिदीत पाच वेळा जातो. पण फरशी एकदा बदलून झाली की दर पाच वर्षांनी पुन्हा कशाला? त्या रकमेत गावातला एक मुलगा किंवा मुलगी दरवर्षी आयएमयूला जाऊ शकते. बिनव्याजी द्या. नोकरी लागल्यावर त्याने फेडावं आणि पुढच्याला उभं करावं. एक कॅडेट थर्ड ऑफिसर झाला की मागच्या दोघांची फी तो एकटा देईल.

आणि एक काम तर फुकटचं आहे. प्रत्येक मोहल्ल्यात एखादा निवृत्त बोसन, फिटर किंवा कॅप्टन असतोच. त्याने महिन्यातून एका जुम्म्याला नमाजनंतर अर्धा तास बसावं. ज्याला एजंटने बोलावलं आहे त्याने कागद घेऊन यावं. परवाना क्रमांक तपासा, कराराची प्रत वाचा, जहाजाचं नाव आणि झेंडा बघा. एवढं झालं तरी निम्मी घरं वाचतील. उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलांसाठी सुट्टीत इंग्रजीचा वर्ग मी घ्यायला तयार आहे, कारण सीईटीचा पेपर इंग्रजीत असतो आणि आपली पोरं गणितात नाही, भाषेत अडकतात.

पायरीवरच्या त्या गृहस्थांचं काय झालं, ते सांगतो. दुसऱ्या दिवशी मुलगा घरी आला. आम्ही दोघांनी मोबाइलवर त्या एजंटचं नाव शोधलं. परवानाधारकांच्या यादीत ते नव्हतं. मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, अकरावीचे फॉर्म अजून मिळतात का?" मिळत होते. आता तो विज्ञान शाखेत आहे. पन्नास हजार परत आलेले नाहीत, आणि येतील असं मला वाटत नाही. पण कलमं जागेवर आहेत. येत्या मोसमात मोहोर धरला, तर बारावीच्या क्लासची फी त्यातूनच निघेल, इन्शाअल्लाह.